आडोशाचं पाणी

पहाटे देवबागला वारा जमिनीचा असतो आणि अकरानंतर समुद्राचा. मधले काही तास तो कुणाचाच नसतो. मे महिन्यात आमच्या घरात जे जे बेत होतात, ते सगळे या बेवारशी तासांवर डोळा ठेवून होतात.

रात्रभर जमीन निवत जाते आणि आपली हवा हळूहळू समुद्राकडे सोडत राहते. हा मतलई. त्याला जोर नसतो, पण वास असतो: पिकल्या फणसाचा, सुक्या पातेऱ्याचा, कुणाच्या तरी न्हाणीघराच्या चुलीतल्या धुराचा. पहाटे वाळूवर उभं राहिलं की तो पाठीला लागतो, आणि समोर पाणी असं पडलेलं असतं की जणू त्याने आयुष्यात कधी कुणाचं वाईट केलं नाही. मग ऊन चढतं. वाळू तापते, समुद्र मात्र मुळीच घाई करत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला वायव्येकडून खारा वारा आत शिरतो. आधी माडाच्या शेंड्यांना कळतं, मग सुरूच्या बनाला, मग दोरीवरच्या कपड्यांना. दुपारी तीनच्या सुमाराला समुद्राच्या बाजूला उभ्या दोन माणसांना एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागतं.

अशा दिवसांत मुंबई-पुण्याहून आलेल्या पोरांना गरवायला जायचं असतं. पोरांनाच नव्हे, त्यांच्या आईबापांनाही. गरी, तंगूस, शिसं, थोडी सुंगटं, एवढ्या भांडवलावर माणसाला किती आशा धरता येते, हे मे महिन्यात आमच्या खळ्यात येऊन पाहावं. जेवणं झाली की माटवाखाली चटया पडतात. आजी खुर्चीवर, काका पायरीवर, भाचा फोनच्या उजेडात. पहिल्या रात्री सगळ्यांना होडी हवी असते. निवतीच्या खडकांकडे जायचं, तिथे तांबोशी मिळते, गोबरे मिळतात. दरवर्षी निवतीपासून सुरुवात होते आणि दरवर्षी निवती हळूहळू मागे पडते.

भाच्याच्या फोनवर वारा रंगीत असतो. निळा म्हणजे बरा, हिरवा म्हणजे विचार करा, पिवळ्याच्या पुढे घरी बसा. यंदा काकांनी चष्मा लावून ते सगळं नीट पाहिलं. काका रापणीवर वाढलेले. त्यांनी फोनला हसावं, अशी भाच्याची थोडी अपेक्षा होती. ते हसले नाहीत. त्यांना आवडला तो झोतांचा रकाना. सरासरी वारा दहा नॉट, पण झोत अठराचे, असं तिथे वेगळं लिहिलेलं होतं. "ह्या बरा केल्यानी," ते म्हणाले, "होडी सरासरीन नाय उलटत." मला वाटतं, हवामानाच्या अंदाजाविषयी इतकं नेमकं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, हे भाच्याला ठाऊक होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे काकांना आकड्यात ठाऊक नव्हतं, पण शिडाची दोरी त्यांच्या तळहातातून गेलेली आहे.

फोनला न दिसणारी एक गोष्ट मात्र होती, ती म्हणजे देवबाग. जगभरचा वारा मोजणारी ही गणितं पृथ्वीचे चौकोन पाडतात. नावाजलेल्या जागतिक गणितांचे चौकोन नऊ-नऊ, तेरा-तेरा किलोमीटरचे. देवबाग ही त्या मानाने एक रेघ आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, आणि मध्ये माड, घरं, एक रस्ता. काही ठिकाणी एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर चालत जायला विडी ओढून होईपर्यंतचाच वेळ लागतो. फोन त्या अख्ख्या चौकोनाला एकच रंग देतो. प्रत्यक्षात समुद्राच्या अंगाला फेस उडत असतो आणि त्याच मिनिटाला नदीच्या अंगाला, माडांच्या आडोशाला, पाण्यावर नुसती सुरकुती असते.

म्हणून वाऱ्याच्या दिवसांत गरवण्याचा बेत करायचा म्हणजे आडोसा शोधायचा. वारा वायव्येचा असेल तर देवबागचा नदीकाठ. पावसाच्या आधीचा दक्षिणेकडचा वारा सुटला तर पलीकडचा भोगव्याचा डोंगर थोडी पाठ देतो. आणि मुखाशी, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे वारा थोडा असला तरी पाण्याची घडी आधी पाहायची. सुकतीचं पाणी नदीतून बाहेर ओढ घेत असतं आणि वारा समुद्रातून आत ढकलत असतो. दोघं समोरासमोर आले की लाटा आखूड होतात, उभ्या राहतात, एकीवर दुसरी चढते. तोच वारा, तेच पाणी, पण भरती आत येत असती तर दोघं एका दिशेने गेले असते आणि होडी आरामात डुलली असती. पर्यटकांच्या होड्या जिथे वाळूच्या बेटावर लागतात, तिथेच हा तमाशा चालतो, आणि किनाऱ्यावरून तो फार देखणा दिसतो.

समुद्र वाऱ्याशिवायही फसवतो. इथे पानही हलत नसावं आणि तरी लांबलचक, संथ, जड लाट किनाऱ्यावर येऊन आपटावी, असे दिवस असतात. ती लाट इथल्या वाऱ्याची नसतेच. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी अरबस्तानाच्या बाजूला शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटतो. त्याने उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. गोव्यात दोनापावलाला जी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या संशोधकांनी यावर काम केलं आहे. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्री माहिती केंद्राचे लाटांचे इशारे म्हणूनच वाऱ्यापासून वेगळे वाचावे लागतात. मला हा विचार फार आवडतो की आखाताकडच्या वाळवंटात कुणाच्या तरी तंबूची कनात फडफडली आणि काही दिवसांनी आमच्या काकींच्या चपला देवबागच्या वाळूवरून वाहून गेल्या. काकींना अजिबात आवडत नाही.

काकींची भीती वेगळी आहे, आणि तिला मी भीती म्हणणार नाही. 2009च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा मासेमारीचे ऐन दिवस होते आणि होड्या बाहेर होत्या. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ इथून उत्तरेला गेलं, तेव्हा माड आडवे झाले आणि पत्रे कुणाचे कुणाच्या बागेत सापडले. त्यानंतर बंदरात तीन नंबरचा बावटा लागला एवढं कानावर आलं, की त्यांच्या लेखी बेत संपतो. त्यावर चर्चा नाही. भाच्याने एकदा सांगून पाहिलं की तो इशारा आपल्यापासून लांबचा आहे. "दर्या खंय पळान जाता?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि कांदे चिरायला लागल्या.

तेव्हा पहिल्या रात्री निवतीचे खडक गेले. दुसऱ्या रात्री मुखाशी होडी नांगरून गरवायचं ठरलं होतं, तेही गेलं. उरला नदीकाठ, पायऱ्यांच्या जुन्या धक्क्याची जागा, घरापासून हाकेच्या अंतरावर. पोरांचे चेहरे पडले. पण मी पाहत होते ते वेगळंच. निवतीला जाणाऱ्या यादीत पाच नावं होती. पोहता येणारी, उलटी न होणारी, अंगावर बसेल असं जॅकेट मिळालेली. मुखाशी जाण्याच्या यादीत आठ झाली. नदीकाठाच्या यादीत आजी आली, तिची खुर्ची आली, धाकटीचं तान्हं आलं, आणि ज्यांना माशांत काडीचा रस नाही ते आमचे मेहुणेही वर्तमानपत्रासकट आले. वारा जसजसा वाढत गेला तसतसं पाणी लहान होत गेलं, आणि घर मोठं. काकांनी ते आपल्या पद्धतीने आधीच सांगितलं होतं: "होडयेन गेलाव तर पाच जणा. न्हयच्या काठार गेलाव तर सगळा घर."

यात एक गोची आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. माशाला आडोसा नको असतो. वारा ज्या काठावर आपटतो तिथे तळ ढवळतो, वाळूतले किडे-कोळंब्या उघड्या पडतात, पाणी गढूळ होतं आणि मासा त्या गढुळात निर्धास्तपणे चरतो. म्हणजे जिथे माणसांना बसवत नाही तिथे मासे, आणि जिथे माणसं बसली आहेत तिथे नितळ पाणी, ज्यात माशाला आपली सावली दिसते. यावर उपाय म्हणजे उजाडण्याआधी जाणं. अंधुक प्रकाशात नितळ पाणीही गढुळासारखंच वागतं.

मग तिथी पाहिली. कालनिर्णयाच्या पानावर, भिंतीवरच. तिथीची पाऊणपट करायची की भरतीचा तास निघतो, हा ढोबळ हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. वद्य दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात. भरती दक्षिणेकडून वर चढत जाते, त्यामुळे मालवणला ती मुंबईच्या आधी भरते. काकांनी त्यातून तासभर वजा केला. म्हणजे साडेसहाला पाणी पूर्ण. अष्टमी नुकतीच सरलेली, अजून भांगाचंच पाणी, त्याला उधाणाची ओढ नाही. मोठे गरवणारे अशा पाण्याला नाक मुरडतात, पण लहान मुलांच्या हातातली दोरी ते ओढून नेत नाही. पाचला निघायचं, चढत्या पाण्याचा शेवटचा तास पकडायचा, पाणी उतरू लागलं की अजून थोडा वेळ, आणि नऊला, खाऱ्या वाऱ्याच्या आत, घरी. दशमीचा चंद्र पहाटे वर असणार होता, म्हणून बॅटरी एकच.

सामानात वाऱ्याचा विचार शिरतो तो असा. दोरी प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली असते. वारा आला की बाटली घरंगळत पाण्यात जाते, म्हणून प्रत्येक बाटलीत मूठभर वाळू. शिसं नेहमीपेक्षा जड, कारण हलक्या शिशावर तंगूस वाऱ्यात पोट धरतो आणि माशाने ओढलं तरी बोटाला कळत नाही. वारा पाठीशी असला पाहिजे, म्हणजे गरी लांब जाते आणि मागे उभ्या असलेल्याच्या कानात अडकत नाही. पोरं एका रांगेत, हातभर अंतर सोडून. काकांचा पागेर बरोबर येईल, पण तो वाऱ्याच्या तोंडावर फेकला तर उघडायच्या आधी मिटतो, तेव्हा तो वारा पडलेला असतानाच.

मिळणार काय? मुडदुशी मिळाली तर सोनं. एखादी बोटभर तांबोशी, जी परत सोडायची आहे हे पोरांना आत्ताच सांगून ठेवलेलं बरं. केंड नक्की मिळणार. तो पोट फुगवून चेंडू होतो, सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतात, आणि तो विषारी म्हणून ताटात कधीच येत नाही. शेंगटी लागली तर मोठ्या माणसाने काढायची, तिचा काटा फार वाईट. तो लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा. उष्णतेने ते विष नरमतं. काकी म्हणूनच दोन थर्मास घेतात, एकात चहा आणि एकात नुसतं पाणी, आणि दरवर्षी कुणीतरी चुकीच्या थर्मासचं बूच उघडतं.

सगळं ठरल्यावर खरा वाद सुरू झाला, तो वाटपाचा. मुंबईच्या वहिनींचं म्हणणं, रात्रीच खोबरं-मसाला वाटून ठेवू, सकाळी गडबड नको. आजीने खुर्चीतून मान हलवली. "मासो घराक येयपर्यंत वाटप वाटूचा नाय." गरीला जायच्या आधी वाटप केलं की मासा लागत नाही, अशी तिची खात्री. वहिनी म्हणाल्या, नाही मिळाले तर मालवणच्या बाजारातून बांगडे आणू, वाटप वाया कशाला जातंय? पण बाजारातल्या बांगड्यांचा उल्लेख त्या रात्री करणं हेच मुळी वाटप करण्यापेक्षा वाईट होतं, असं काकांच्या चेहऱ्यावरून दिसलं. शेवटी तडजोड झाली. नारळ सोलून ठेवायचे, फोडायचे नाहीत. सोलं मात्र भिजत घालायला कुणाची हरकत नव्हती. मासे आले काय, न आले काय, सोलकढी होणारच होती.

भाच्याने पुन्हा एकदा वारा पाहिला, निळा होता, आणि पहाटे चारचा गजर लावला.

"तीनचो लाव," काका आत जाता जाता म्हणाले. "चारचो लावलंस तर पाचाक उठशीत."