फिरता डोळा

कॅमेलिअनच्या चेहऱ्यावर सगळ्यात आधी नजरेत भरतो तो त्याचा डोळा. बाकीचा देह फांदीला धरून तासन्‌तास निश्चल बसलेला असतो. काम करतो तो डोळा. उजवा छताकडे चढतो, तेव्हा डावा खिडकीच्या ग्रीलवरून खाली उतरत असतो. उजवा पंख्यावर थांबला, तरी डावा तुमच्या चपलेपासून कपाळापर्यंत तुम्हाला तपासून घेतो. दोघांचं घर एक, पण पहारा वेगवेगळा.

अंगकाठी म्हणाल तर तो शंकूसारखा बाहेर आलेला उंचवटा आहे. वरची आणि खालची पापणी एकमेकींना जुळून त्याचं कातड्याचं आवरण झालंय आणि टोकाला बाहुलीपुरतंच भोक राहिलंय. हा अख्खा शंकू आडवा सुमारे १८० अंश आणि उभा सुमारे ९० अंश फिरतो, त्यामुळे मान न वळवता जवळजवळ सगळा आसमंत त्याच्या टप्प्यात येतो. मग कुठंतरी नाकतोडा हलतो. दोन्ही डोळे आपापला पहारा सोडून पुढे वळतात, एकाच बिंदूवर टेकतात आणि पुढच्या क्षणी जीभ सुटते.

अंतराचा अंदाज ही त्याची खरी विद्या. माणूस दोन डोळ्यांतल्या चित्रांचा मेळ घालून अंतर ओळखतो. कॅमेलिअनचा एकेक डोळा भिंगाचा फोकस जुळवता जुळवताच अंतर मोजतो, हे संशोधक लिंडसे हार्कनेस यांनी १९७७ साली दाखवलं. डोळ्यांपुढे भिंगं लावली की जिभेचा नेम ठरावीक रीतीनं चुकायचा. १९९५ मध्ये मथियास ओट आणि फ्रँक शेफेल यांना आढळलं की याच्या डोळ्यातलं भिंग किरण एकत्र आणण्याऐवजी पसरवतं. त्यामुळे पडद्यावरची प्रतिमा मोठी उमटते. २०२५ मध्ये सीटी स्कॅनच्या मदतीनं आणखी एक गुपित बाहेर आलं. डोळ्यामागची नस सरळ मेंदूकडे न जाता वेटोळी घालून जाते. एवढं फिरायचं तर नसेला ढील हवीच.

स्वभावानं हा डोळा टापटिपीचा आहे. पानांवर पाण्याचा फवारा मारला की कॅमेलिअन थेंब चाटू लागतो, आणि मधेच एखादा डोळा फुगवून बाहेर काढतो, गोल फिरवतो, क्षणभर मिटतो, क्वचित फांदीवर घासतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. घाबरण्याचं कारण नाही, त्याची आंघोळ चाललेली असते. थोड्या वेळात डोळा पूर्ववत बसतो आणि पुन्हा पहाऱ्यावर लागतो. मात्र हेच घासणं दिवसभर चाललं किंवा दुसऱ्या दिवशीही दिसलं, तर आत काहीतरी खुपतंय असं समजावं.

कॅमेलिअन आजार लपवतो. रानात जो अशक्त दिसतो तो आधी मारला जातो, म्हणून अंगात बळ नसतानाही तो फांदी घट्ट धरून ताठ बसतो. खोटं बोलत नाही तो फक्त डोळा. निरोगी कॅमेलिअन दिवसा झोपत नाही. भर दुपारी पिंजऱ्यातला दिवा चालू असताना डोळा मिटलेला दिसला की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘झोपलाय बिचारा, उठवू नका.’ इथेच दिवस वाया जातात. दिवसा मिटलेला डोळा ही आजाराची खूण आहे, आणि बहुतेकदा आजार बराच पुढे गेल्यावर ती दिसते.

त्याची भाषा वाचता येते. एकच डोळा मिटलेला किंवा सुजलेला असेल, तर कारण बहुधा तिथल्या तिथे असतं: कचऱ्याचा कण, फांदीची जखम, कात टाकताना अडकलेलं कातडं, शंकूच्या आत साचलेला पू. तोंडातल्या जंतुसंसर्गाची सूजही डोळ्याच्या बाजूला चढते, म्हणून जबड्याची कड पाहावी. दोन्ही डोळे मिटत असतील, तर दुखणं सगळ्या शरीराचं किंवा पिंजऱ्याचं असतं. डोळे खोबणीत खोल गेले आणि विष्ठेतला एरवी पांढरा असणारा भाग गडद पिवळा-नारिंगी झाला, तर अंगातलं पाणी कमी झालंय. पापण्या सुजून चिकटायला लागल्या, तर अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची शंका घ्यावी. विकतच्या किड्यांत ते फार थोडं असतं. पण ते जास्त झालं तरी घातक, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. जीभ सारखी चुकत असेल, तर डोळा बाहेरून स्वच्छ दिसला तरी तपासून घ्यावा.

जगात बऱ्याच घरांत पाळला जाणारा व्हेल्ड कॅमेलिअन मूळचा येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियाचा. घाटकोपर किंवा बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये तो आला की आपली हवा, आपला दिवा आणि आपल्या सवयी त्याच्या डोळ्यावर उमटतात. रात्रंदिवस एसी चालणाऱ्या खोलीत हवा कोरडी होते. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात त्याला हवी असणारी अतिनील-बी किरणं जवळपास उरत नाहीत, त्यामुळे ‘ऊन मिळतं की’ ही समजूत फसवी ठरते. उलट फार तीव्र दिवा अगदी जवळ लावला, तर त्याच किरणांनी डोळे सुजतात. पावसाळ्यात बंद टाकीत पाणी साचून राहिलं की जंतूंचं फावतं, म्हणून हवा खेळती ठेवणारा जाळीचा पिंजरा बरा.

डोळा मिटलेला दिसला तर आधी दिवा, तापमान आणि पाणी तपासावं, एक व्हिडिओ काढावा आणि डॉक्टर गाठावा. घरातले डोळ्यांचे थेंब हातात घेऊ नयेत. माणसाच्या कितीतरी थेंबांत स्टेरॉइड असतं, आणि बुबुळावर ओरखडा असेल तर त्यानं जखम चिघळते. डॉक्टर रंगद्रव्य घालून आधी तो ओरखडा शोधतात, सलाईननं डोळा धुतात, गरज पडली तर पू काढतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू घट्ट, पनीरसारखा असतो. तो आपोआप वाहून जात नाही, त्यामुळे ‘फुटेल आपोआप’ म्हणून थांबण्यात अर्थ नाही. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर कॅमेलिअन तपासत नाही. मुलुंडहून अंधेरीला जावं लागलं तरी चालेल, पण असा डॉक्टर प्राणी आणण्याआधीच शोधून ठेवावा.

आपल्या मातीतलाही एक कॅमेलिअन आहे. महाराष्ट्राच्या रानांत त्याला सरडगुहिरा म्हणतात, कोकणात घोयरा. त्याच्या अंगी विष नाही, तरी लोकांच्या भीतीपोटी तो दगडांखाली मरतो, नाहीतर हळू चालीमुळे रस्त्यावर चाकांखाली येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ त्याला संरक्षण देतो. त्याला पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. डोळा सुजलेला सरडगुहिरा कुठे आढळला तर घरी नेऊन उपचार करू नयेत, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवावं. परदेशी कॅमेलिअनही साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि २०२४ च्या नियमांनुसार तो घरी असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. तस्करांच्या पिशवीतून तहानेनं अर्धमेला होऊन आलेला जीव विकत घेणारा माणूस त्याचं दुखणंही विकत घेतो.

या डोळ्याची जिद्दही सांगायला हवी. अंतर मोजायला एकच डोळा पुरत असल्यामुळे, दुसरा कायमचा गेलेला कॅमेलिअनही शिकार करू शकतो. कधी सुरुवातीला त्याला हातानं भरवावं लागतं, मग तो उरलेल्या डोळ्यावर आपला सगळा संसार चालवतो. एवढं बळ त्याच्यात आहे, म्हणून उशीर झाला तरी उपचार सोडू नयेत. आणि आपल्याकडून त्याची मागणी फार लहान आहे: रोज सकाळी दिवा लागल्यावर दोन्ही डोळे उघडे आहेत ना, फिरताहेत ना, सारखे दिसताहेत ना, हे कुणीतरी थांबून पाहावं. ज्याच्या घरात एवढं पाहणारं माणूस नाही, त्यानं कॅमेलिअन आणू नये.