चढ तोच, सायकलही तीच!

पुणं म्हणजे सायकलींचं शहर. हे वाक्य आपण आई-बाबा, मामा-काका, शेजारचे आजोबा अशा सगळ्यांकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय. पण मंडळी, त्यांच्या त्या पुण्याचा नकाशा एकदा डोळ्यांसमोर आणा. शनिवार, नारायण, सदाशिव, कसबा आणि नदीपलीकडे डेक्कन. घर, शाळा, नोकरी, मंडई, सिनेमा सगळं तीन-चार किलोमीटरच्या आत. आणि बऱ्यापैकी सपाट!

आपलं पुणं वेगळं आहे. आपण राहतो बावधनला, पाषाणला, कात्रजला, कोंढव्याला. शहर बशीसारखं आहे असं समजा. मधोमध मुठा आणि पेठा, आणि कडेला चढावर आपले फ्लॅट. सकाळी घरंगळत खाली जायचं आणि दिवसभर कीबोर्ड बडवून झाल्यावर, पोटात कावळे ओरडत असताना, चढ चढून घरी यायचं. जिममध्ये पैसे भरून जागच्या जागी सायकल मारणारी आपली पिढी रस्त्यावर सायकल का मारत नाही, याचं निम्मं उत्तर या चढात आहे. उरलेलं निम्मं ट्रॅफिकमध्ये. त्याकडे येऊच.

माझ्या वाट्याचा चढ म्हणजे चांदणी चौक. मी फ्रीलान्सर. कधी डेक्कनला मुलाखत, कधी नारायण पेठेत एडिटिंग. बावधनहून जाताना पौड रोडचा उतार असा की पॅडल मारायचीही गरज नाही. येताना मात्र भुसारी कॉलनीपासून जो दम लागतो, तो थेट हायवे ओलांडेपर्यंत. इथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोट करून पाडला, १२ ऑगस्ट २०२३ला नव्या उड्डाणपुलाचं उद्घाटन झालं, रॅम्पची भेंडोळी तयार झाली. चढ मात्र जिथल्या तिथे!

पार्किंगमध्ये माझी बारावीतली सायकल धूळ खात पडली होती. नवी ई-सायकल घेण्याऐवजी हिलाच मोटर लावली तर? झालं, कामाला लागले.

काळी घोडा सायकल की कॉलेजची?

खरं तर घरात सायकली दोन. दुसरी बाबांची, २८ इंची, काळी, दणकट. मला तिचाच मोह होता. काय लुक आला असता! पण कोथरूडच्या ज्या मेकॅनिककाकांकडे गेले, त्यांनी तिला एक फेरी मारली आणि मान हलवली. ‘‘ताई, हिला दांडीचे ब्रेक. रबर रिमच्या आतल्या बाजूला लागतात. किटबरोबर येणाऱ्या रिमला आणि लिव्हरला ते बसायचे नाहीत. ती दुसरी आणा.’’

दुसरी म्हणजे माझी. २६ इंची चाक, स्टीलची फ्रेम, व्ही-ब्रेक, गिअर एकही नाही. काकांच्या मते ही सगळ्यात सोयीची. स्टीलची फ्रेम ताण सहन करते, आणि २६ इंचाचं किट सहज मिळतं.

किट म्हणजे काय, तर मोटर आधीच बसवलेलं अख्खं चाक, कंट्रोलर, बॅटरी, चार्जर, हँडलवरचा छोटा डिस्प्ले, नवे ब्रेक लिव्हर आणि पॅडलपाशी बसणारा सेन्सर. सगळं मिळून मला अठरा हजारांच्या आसपास पडलं. वायरी नीट झाकायला स्लीव्ह, दोन जादा फ्यूज आणि केबल टाय मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणले. इलेक्ट्रॉनिक्सचं जे काही कुठेच मिळत नाही, ते या गल्लीत मिळतं हा अनुभव पुन्हा एकदा आला.

मोटर बसवायच्या आधी काकांनी ब्रेकची रबरं बदलली, केबल बदलल्या, दोन्ही टायर नवे घातले. मला वाटलं, उगाच खर्च वाढवतायत. तेव्हा ते म्हणाले, ‘‘मोटरचं काय, पळवेल. थांबवायचं कुणी?’’ हे वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते.

मोटर बसवायला लागले तीन तास. त्यातला बराच वेळ गेला एका वॉशरवर. हब मोटरचा आस दोन बाजूंनी चपटा असतो. मोटर चाकाला पुढे ढकलते, तेव्हा आसाला उलट्या दिशेने फिरायची घाई असते. तो फ्रेमच्या खाचेत फिरला, तर आतून येणारी वायर पिळवटून तुटते. म्हणून तिथे खाचेत घट्ट बसणारं खास वॉशर किंवा लोखंडी पट्टी लागतेच. यूट्यूब बघून घरी किट बसवणार असाल, तर ही पायरी दोनदा बघा.

अडीचशे वॅट म्हणजे किती?

थोडं गणित करू या. घाबरू नका, सोपंय. माणूस, सायकल आणि सॅक मिळून १०० किलो धरा. चढ असा की शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर. ताशी १२ किलोमीटरने तो चढायचा, तर साधारण १८० वॅट ताकद लागते. सराव नसलेला माणूस बराच वेळ आरामात देऊ शकतो ती ताकद १०० वॅटच्या आसपास. या मधल्या ऐंशी वॅटसाठी आपण धापा टाकतो, शर्ट भिजवतो आणि शेवटी स्कूटर काढतो. २५० वॅटची मोटर ही तूट भरून काढते आणि वर थोडं शिल्लकही ठेवते.

कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थांनी मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटर असलेल्या सायकलचं पेटंट घेतलं, ते ३१ डिसेंबर १८९५ला! पण खरी मजा आली ती १९९३मध्ये, यामाहाने जपानमध्ये ‘पॅडल असिस्ट’ सायकल विकायला काढली तेव्हा. म्हणजे पाय चालवला तरच मोटर मदत करणार. माझ्या किटमध्येही पॅडलच्या आसावर लोहचुंबकांची एक गोल चकती आहे. पॅडल फिरलं की सेन्सरला कळतं आणि मोटर जागी होते. ब्रेकचा लिव्हर जरा दाबला की मोटर बंद. साधं, सरळ काम.

बॅटरी ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवरची. गुणाकार केला की सुमारे २८० वॅट-अवर. मी पॅडल मारत राहते, त्यामुळे किलोमीटरला आठ-दहा वॅट-अवर खर्च होतात. बावधन ते नारायण पेठ जाऊन-येऊन वीस-एकवीस किलोमीटर होतात, तरी घरी पोचल्यावर थोडी बॅटरी उरलेली असते. पूर्ण चार्जिंगला चार्जरचं नुकसान धरूनही युनिटचा तिसरा हिस्सा लागतो. युनिट दहा रुपयांना धरलं तरी साडेतीन रुपयांच्या आत काम! कटिंग चहासुद्धा येत नाही हो एवढ्यात.

एक गैरसमज मात्र दूर करते. ‘उतारावर बॅटरी चार्ज होते ना?’ हा प्रश्न मला सोसायटीत प्रत्येकाने विचारलाय. नाही होत! माझ्यासारख्या गिअरवाल्या छोट्या हब मोटरमध्ये उतारावर चाक मोकळं फिरतं. फायदा हा, की बॅटरी संपली तरी सायकल जड पायाने ओढावी लागत नाही. फक्त पाच-सहा किलो जास्त वजन जाणवतं.

खाली आणि पुन्हा वर

आता चला माझ्याबरोबर. सकाळी साडेनऊ. चांदणी चौकात रॅम्पवरून येणाऱ्या गाड्या दोन्हीकडून अंगावर येतात. इथे मी डावी कड सोडत नाही आणि मागचा दिवा दिवसाही लावते. मग उतार, कोथरूड डेपो, वनाज. डोक्यावरून मेट्रो जाते. ६ मार्च २०२२ला वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून तिच्या खांबांच्या सावलीत चालवायची सवय झालीय. आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप. स्टेशनं वर जातात, मी खालून.

सायकल ट्रॅक? जिथे आहे तिथे त्यावर कुणाची तरी बाइक, कुणाचा तरी भेळेचा गाडा आणि महिनोन् महिने उभी असलेली एखादी मोटार. मोटर लावल्याने ट्रॅक रिकामा होत नाही. एक फरक मात्र पडतो. सिग्नल सुटल्यावर पहिल्या पाच सेकंदांत साधी सायकल डगमगते आणि मागचे हॉर्न सुरू होतात. आता मी बाकीच्यांबरोबर सुटते. भीती निम्म्याने कमी झाली ती इथे.

डेक्कनहून झेड ब्रिज. संध्याकाळी इथे जोडप्यांची गर्दी, सकाळी वारा आणि खाली मुठा. पलीकडे उतरलं की केळकर रस्ता, नारायण पेठ, पुढे अप्पा बळवंत चौक. इथे सायकलच राजा! स्कूटरवाले पार्किंग शोधत घिरट्या घालतात, मी एखाद्या वाड्याच्या बोळात विचारून सायकल लावते आणि बॅटरी काढून खांद्याला लटकवते.

संध्याकाळी परतीचा प्रवास. भुसारी कॉलनीपाशी डिस्प्लेवर असिस्ट एकवरून तीनवर. मागून हलकी घरघर येते, पाय फिरत राहतात, श्वास बोलण्याइतका शाबूत राहतो. घाम येतो, पण बदाबदा नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांत घरी. स्कूटरवरून याच वेळेला मला अर्धा तास लागायचाच.

‘‘उद्या तुला लागणारे का गं?’’

या सगळ्यात बाबा पेपरच्या आडून बघत होते. ते नारायण पेठेत वाढले. आम्ही २००९मध्ये बावधनला आलो, तरी त्यांचे मित्र, त्यांचा चहा, त्यांचा कट्टा सगळं तिकडेच राहिलं. आता सहासष्ट वय. गुडघ्यामुळे दोन वर्षांपूर्वी स्कूटर सुटली. रिक्षाने रोज जाणं परवडत नाही, बसला दोनदा बदलावं लागतं. आधी ते मला विचारायचे, ‘‘डेक्कनला जाणारेस का? सोड मला.’’ मग हळूहळू विचारायचं बंद झाले. कट्ट्यावर जायचे ते महिन्यातून एकदा. घरात कुणी काही बोललं नाही, पण ते गप्प झाले होते हे आईला आणि मला दिसत होतं.

एका रविवारी पेपर बाजूला ठेवून म्हणाले, ‘‘उद्या तुला लागणारे का गं ती सायकल?’’

मी घाबरले. सहासष्टाव्या वर्षी, चांदणी चौकात? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘सीट उंच ठेवा, पॅडलवर जोर देऊ नका, गुडघ्याला चांगलंच आहे.’’ मग घरात करार झाला. हेल्मेट घालायचं. सकाळी गर्दी ओसरल्यावर निघायचं, चारच्या आत परत यायचं. पाऊस असेल तर नाही. आणि आठवडाभर आधी सोसायटीच्या आवारात प्रॅक्टिस!

पहिल्या दिवशी मी स्कूटर घेऊन त्यांच्या मागे गेले. उतार ठीक होता. टेन्शन होतं परतीचं. भुसारी कॉलनीचा चढ सुरू झाला आणि बाबा वळून न बघता चढत राहिले. वर पोचल्यावर थांबले, एक पाय फुटपाथवर टेकवला. दमले नव्हते. म्हणाले, ‘‘लहानपणी काका मागून सीट धरून पळायचा ना, अगदी तसं वाटतंय गं.’’

आता सोमवार आणि गुरुवारी सायकल त्यांची. मी त्या दिवशी घरून काम करते किंवा वनाजपर्यंत रिक्षाने जाऊन मेट्रो पकडते. कट्ट्यावरचे आणखी दोन काका किटची चौकशी करतायत म्हणे!

किट घेण्याआधी एवढं बघाच

• नियम लक्षात ठेवा. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर लायसन्स आणि रजिस्ट्रेशन लागत नाही. दुकानदार ‘कोण बघतंय मॅडम’ म्हणत जास्त ताकदीची मोटर पुढे करतात. ती लावली की तुमची सायकल कायद्याने मोटारवाहन होते. अपघात झाल्यावर हे फार महागात पडतं.

• हेल्मेटची सक्ती नसली तरी घाला. २५च्या वेगाने पडलं तरी लागतं तेवढंच.

• बॅटरी लिथियम-आयनचीच घ्या, आणि आतल्या सेलवर लक्ष ठेवणारं बीएमएस सर्किट आहे ना ते विचारा. साधारण ५०० ते ८०० पूर्ण चार्जनंतर तिची क्षमता उतरायला लागते, त्या खर्चाची तयारी ठेवा.

• चार्जर किटबरोबरचाच वापरा. रात्रभर लावून झोपू नका, आणि घराच्या दाराच्या वाटेत चार्जिंग नको. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो.

• पावसात चालवता येते, पाण्यात बुडवता येत नाही. साचलेल्या पाण्यातला खड्डा दिसत नाही, त्यामुळे तिथून सायकल न्यायचीच नाही. वायरींची जोडणी तोंड खाली ठेवून बांधा.

• सायकलला कुलूप दोन, आणि बॅटरी कायम आपल्याबरोबर!

आणि हो, घरात सहासष्ट वर्षांचं कुणी असेल, तर एक सल्ला. किट घेताना दुसऱ्या सायकलचंही माप काढून ठेवा. मी परवाच काढलंय.