तुझ्या प्रती थांबल्या, डिप्लोडोकस

प्रिय डिप्लोडोकस,

फ्लोरिडातली सफारी लिमिटेड ही कंपनी आणि पिट्सबर्गचं कार्नेगी नैसर्गिक इतिहास संग्रहालय यांची भागीदारी २०१५ साली संपली आणि १९८८पासून चालत आलेलं डायनोसॉरांच्या खेळण्यांचं ‘कार्नेगी कलेक्शन’ बंद झालं. तू गेलास, तुझ्यासोबत टायरॅनोसॉरस गेला, ट्रायसेराटॉप्स गेला, ब्रॅकिओसॉरसही गेला. बातमी कळल्यावर संग्राहकांची जी धावपळ व्हायची ती झाली. कुणी दुकानांत उरलासुरला माल शोधायला लागलं, कुणी यादी काढून आपल्याकडे काय नाही ते तपासलं. माझ्या यादीत तुझी जागा रिकामी नाही, तू माझ्या कपाटावर उभा आहेस. तरी तू ‘रिटायर’ झालास याचं मला आजही वाईट वाटतं. त्याचं कारण तुझ्याच कुळाच्या इतिहासात आहे, म्हणून हे पत्र तुलाच.

तुझं कूळ प्रतींचं आहे. १८९८च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात पश्चिमेकडे सापडलेल्या महाकाय प्राण्याची बातमी छापून आली. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीनं ती वाचली आणि तो प्राणी आपल्या पिट्सबर्गच्या संग्रहालयासाठी मिळवायचं ठरवून संचालक विल्यम हॉलंडला दहा हजार डॉलर दिले. बातमीतलं ते जनावर काही मिळालं नाही. पण १८९९च्या जुलैत, नेमका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, वायोमिंगमधल्या शीप क्रीकला कार्नेगीच्या माणसांना तू सापडलास. १९०१ साली जॉन बेल हॅचरनं तुझं नामकरण केलं: डिप्लोडोकस कार्नेगी. पुढे स्कॉटलंडमधल्या कार्नेगीच्या वाड्यात इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांनी तुझं चित्र पाहिलं आणि असाच एक आम्हालाही हवा, असं म्हटलं. दुसरा डिप्लोडोकस कुठून आणायचा? मग कार्नेगीनं तुझ्या हाडांचे साचे करून घेतले. प्लॅस्टरमध्ये ओतलेली २९२ हाडं ३६ पेट्यांतून लंडनला गेली आणि १२ मे १९०५ रोजी तिथे तुझं अनावरण झालं.

या कहाणीत मला सर्वांत जास्त काय आवडतं सांगू? तेव्हा तुझा मूळ सांगाडा पिट्सबर्गला उभासुद्धा राहिलेला नव्हता. त्याला पुरेल एवढी इमारत तयार व्हायची होती. तो लोकांना दिसला १९०७ साली. म्हणजे जगानं आधी तुझी प्रत पाहिली, अस्सल तू नंतर. मग बर्लिन आणि पॅरिस, व्हिएन्ना आणि बोलोन्या, सेंट पीटर्सबर्ग, ला प्लाटा, आणि १९१३ साली माद्रिद. देशादेशांच्या राजांना आणि राष्ट्रप्रमुखांना एकच प्राणी भेट दिला तर त्यांच्यात सलोखा वाढेल, अशी कार्नेगीची मनापासूनची आशा होती. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटलं. आशा फसली, पण प्रती उभ्या राहिल्या, आणि त्या शहरांतल्या कित्येक पिढ्यांनी पहिला डायनोसॉर पाहिला तो तूच होतास.

तुझ्या वाट्याला आलेल्या या नशिबाला मी कधीच कमी लेखलं नाही. पेणच्या कारखान्यात साच्यातून निघालेली गणेशमूर्ती घरच्या पाटावर बसली की तिला कुणी नक्कल म्हणत नाही. तुझंही तसंच झालं. आधी राजांना मिळालेली प्रत ऐंशी वर्षांनी त्याच संग्रहालयाच्या आशीर्वादानं आणि त्याचं नाव पोटावर घेऊन मुलांच्या हातात आली. कार्नेगी कलेक्शन माझ्या लेखी त्याच कामाचा शेवटचा टप्पा होता, आणि सर्वांत मोठाही. एका प्रतीसाठी आता दालन लागत नव्हतं, खिडकीची कड पुरत होती.

आणि ती प्रत मापात होती. यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बाहेरच्या लोकांना आमचं हे माप-माप करणं कळत नाही. फॉरेस्ट रॉजर्स या शिल्पकार बाईंनी संग्रहातल्या आकृत्या घडवल्या आणि त्यांतल्या मोठ्या डायनोसॉरांचं ठरलेलं प्रमाण होतं १:४०. तू खरा सुमारे २६ मीटर लांब. चाळिसानं भागलं की पासष्ट सेंटिमीटरच्या आसपास. बारा मीटरचा टायरॅनोसॉरस भागला की तीस. आणि माणूस? जेमतेम सव्वाचार सेंटिमीटर, म्हणजे करंगळीहून बुटका. मुलानं तुझ्या पायाशी तेवढा माणूस उभा केला की जे समजायचं ते एका नजरेत समजतं. पुस्तकात ‘२६ मीटर’ छापलेलं असतं, पण तो आकडा वाचून कुणाच्या पोटात गोळा येत नाही. दुसऱ्या अनेक मालिकांत टायरॅनोसॉरस आणि तू जवळपास सारख्याच लांबीचे निघता, कारण खोका एका मापाचा आणि किंमतही एका मापाची. सगळे हिशेब त्याप्रमाणे. तुमच्या संग्रहात मात्र प्राण्यांचं एकमेकांशी असलेलं नातं बरंचसं खरं होतं. बंद पडलं ते हे नातं. एखादी फिगर गेली असती तर मी हळहळून गप्प बसलो असतो.

माझ्याकडे तू आलास तो पिट्सबर्गला राहणाऱ्या मावशीच्या बॅगेतून, स्वेटरमध्ये गुंडाळलेला. तेव्हा मला चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचं नाव माहीत नव्हतं. तिथे लांब मानेच्या एका डायनोसॉरची हाडं मिळाली होती. १९९७ साली त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हटलं गेलं, २००३ साली तो वेगळ्याच वंशाचा ठरला आणि त्याचं नाव आयसिसॉरस झालं. ज्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव आलं. विदर्भाच्या मातीतला एवढा मोठा प्राणी, पण मी लहान असताना त्याची प्रत माझ्या हातात कुणी ठेवली नाही. वायोमिंगचा तू आलास आणि तुझ्यामुळे पुढे डोंगरगावचाही कळला. प्रत काय करते, हे मी असं शिकलो. म्हणून ती थांबली की मला राग येतो.

करार संपणं ही व्यवहारातली साधी गोष्ट आहे, हे मला कळतं. संग्रहालयाचं नाव वापरायचं तर परवाना लागतो, प्रत्येक फिगर त्यांच्या अभ्यासकांनी तपासायची, साचे झिजले की नवे करायचे, हातानं रंगवायची मजुरी वाढत राहते. सफारीनं डायनोसॉर सोडलेही नाहीत. त्यांच्या ‘वाइल्ड सफारी’ मालिकेत डग वॉटसन यांनी घडवलेले प्राणी शरीरशास्त्राच्या दृष्टीनं तुमच्यापेक्षा कितीतरी सरस आहेत, आणि हे मी कुरकुर न करता मान्य करतो. तुमच्या संग्रहातले पुढच्या काळातले मांसाहारी तोल सांभाळायला शेपूट टेकून तिवईसारखे उभे राहायचे. त्याबद्दल आम्ही संग्राहकांनीच किती बोललो आहोत.

तुझ्यातही उणिवा होत्याच. कार्नेगी कलेक्शन सुरू झालं तेव्हा तुझ्या जातभाईंच्या पाठीवर काटे असावेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. वायोमिंगच्याच हाउ क्वारीतले त्वचेचे ठसे अभ्यासून स्टीफन झेर्कास यांनी ते १९९२ साली मांडलं. लंडनच्या तुझ्या प्लॅस्टरच्या भावाची शेपूट वर्षानुवर्षं जमिनीलगत होती. १९९३ साली ती उचलून हवेत नेली, तेव्हा सगळ्यांनी बदल स्वीकारला. त्याला नवं ज्ञान मिळालं आणि तो जागेवरच सुधारला. तुला ती संधी मिळायला हवी होती. नवा साचा, नवी पाठ, पण तेच नाव, तेच माप, पोटावर तोच शिक्का. ज्ञान बदललं म्हणून प्रत रद्द का करायची?

आता तुझ्या तब्येतीविषयी. पीव्हीसी म्हातारं होतं. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि अंग चिकट लागतं. तुझी मान आणि शेपूट लांब, बारीक; आपल्याकडच्या मे महिन्यात ती खाली झुकतात. मी ती कडक गरम पाण्यात धरतो, मऊ झाली की सरळ करतो आणि लगेच गार पाण्यात बुडवतो. दर उन्हाळ्यात हे करतो आणि दर वेळी रंग थोडा जातो. तू दुकानात मिळत होतास तोवर याची चिंता नव्हती. मुलानं तुला वाळूत नेलं, कुत्र्यानं चावलं, शेपटीचं टोक तुटलं, तर दुसरा आणता येत होता. आता हातातल्या प्रत्येक डिप्लोडोकसचं ओरखडणं कायमचं आहे. संग्राहकाची निराशा म्हणजे जास्त किमतीला विकत घ्यावं लागण्याचं दुःख, असं लोकांना वाटतं. मला ती किंमत एवढी खुपत नाही. आईबाप मुलाला म्हणतात, याला हात लावू नकोस, तो आता मिळत नाही. खुपतं ते हे वाक्य.

काहीजण तुला पिशवीतून काढतच नाहीत. टॅग शाबूत, कप्पा बंद. त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही. तुझ्या प्लॅस्टरच्या प्रतींतली म्युनिकला गेलेली एक कधी उभीच राहिली नाही, पेट्यांतच पडून राहिली. सगळ्या प्रतींमध्ये मला तिचीच दया येते.

२०१५च्याच जानेवारीत लंडनच्या संग्रहालयानं जाहीर केलं की मुख्य दालनातून तुला हलवणार आणि तिथे निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगणार. लोक चिडले, मोहीम झाली, तरी २०१७ साली तू तिथून निघालास. पण मग तुझा तो भाऊ ब्रिटनभर फिरला, गावोगावी गर्दी झाली, आणि २०२४ साली त्याच संग्रहालयाच्या बागेत ब्राँझची तुझी नवी प्रत उभी राहिली, पावसातही टिकेल अशी. नाव तिचं फर्न. युटामधल्या व्हर्नलला तर कार्नेगीच्या जुन्याच साच्यांतून १९५७ साली काँक्रीटचा डिप्लोडोकस ओतला होता. साचा जपला की पन्नास वर्षांनीही प्रत निघते, हे तुझ्या घराण्याला कुणी शिकवायला नको. खेळण्यांच्या जगातही असं घडलेलं आहे. बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयासाठी बॅटॅट कंपनीनं १९९४पासून काढलेले डायनोसॉर बंद पडले, संग्राहकांनी त्यांची आठवण सोडली नाही, आणि त्यांतले काही बऱ्याच वर्षांनी पुन्हा दुकानांत आले.

म्हणून तुला पत्र लिहिताना माझं एक बोट पिट्सबर्गकडेही आहे. संग्रहालयाबाहेर फोर्ब्स अॅव्हेन्यूवर तुझा पूर्णाकृती पुतळा आहे, थंडीत त्याच्या गळ्यात मफलर असतो, येणारेजाणारे त्याच्याशेजारी फोटो काढतात. मूळ सांगाडा आत आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ तुझ्या प्रती जगाला वाटणाऱ्या त्या घराच्या दुकानात, त्याच घरानं तपासलेली तळहातावरची प्रत मुलाला मिळू नये, हे मला पटत नाही. नवी कंपनी असो, जुनी असो, ती प्रत पुन्हा निघाली पाहिजे. नव्या शिल्पकाराला मूळ हाडं समोर ठेवून काम करता येईल, अशी सोय जगात फार थोड्या खेळण्यांना आहे. तुला ती आहे.

येशील तेव्हा पाठीवर काटे घेऊन ये, शेपूट हवेत ठेव, रंग काय हवा तो लाव. फक्त १:४० सोडू नकोस. आणि जमलं तर डोंगरगावच्या आयसिसॉरसलाही त्याच मापात सोबत आण. चंद्रपूरच्या मुलांना त्याच्या पायाशी सव्वाचार सेंटिमीटरचा माणूस उभा करून बघायचा आहे.

तुझा,
एक संग्राहक