चि. डाव्या मूत्रपिंडास

चि. डाव्या मूत्रपिंडास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझ्याविषयी आम्ही गेले कित्येक महिने सगळ्यांशी बोलतो आहोत. बालरोगतज्ज्ञ, किडनीच्या डॉक्टर, सोनोग्राफीवाले, लॅबमधला मुलगा, औषधाच्या दुकानातले काका, सगळ्यांशी. तुझ्याशी मात्र अजून कुणी बोललेलं नाही. घरात सगळ्यांत लहान मनू, आणि तू तिच्यातलं, म्हणून मायना चिरंजिवांचा घातला आहे. गोड मानून घे.

इकडील खुशाली अशी की, मनूचा पहिला वाढदिवस तोंडावर आला. ती पलंगाला धरून उभी राहते आणि हाताला लागेल ते खाली ओढते. परवाच्या तपासणीत वजन वाढलेलं निघालं. रक्तदाबही मोजला. एवढ्याशा दंडाला एवढासा पट्टा असतो; तो फुगायला लागला की ती आधी त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे. आकडा तिच्या वयाला योग्य आला. सोनोग्राफीत तुझंही माप घेतलं, ते तुला कळलं असेलच. जेली गार होती.

आता तक्रार. तू फार गप्प असतंस.

मनूला तो ताप आला तेव्हा तिचं उष्टावण ठरलं होतं. मामानं चांदीची वाटी आणून ठेवली होती. ताप १०३ च्या पुढे. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. दूध ओढेना, घेतलेलं उलटून पडे. आला-गेला प्रत्येक जण म्हणाला, दात येतायत. सहा महिन्यांच्या बाळाचं अंग तापलं की आपल्याकडे ते दाताच्या नावावर जातं. दात येताना बाळ किरकिरतं, लाळ गळते, अंग जरा कोमट लागतं. १०३ ताप दातानं येत नाही, हे आता मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. मोठ्या माणसाच्या किडनीला संसर्ग झाला तर तो कंबर धरून बसतो, लघवीला आग होते म्हणून सांगतो, थंडी वाजून कुडकुडतो. मनूजवळ यातलं काही सांगायला शब्द नव्हता. तुझ्याजवळही नव्हता. तुम्ही दोघांनी मिळून फक्त ताप चढवलात.

लघवी तपासा म्हणणाऱ्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी पिशवी चिकटवून नमुना घेऊ दिला नाही. कातडीवरचे जंतू त्यात मिसळतात आणि कल्चरचा अर्थ लागत नाही, म्हणाले. बारीक नळी घालून घेतला, आणि अँटिबायोटिकचा पहिला थेंब जाण्याआधी घेतला. एक डोस पोटात गेला तरी कल्चर कोरं येऊ शकतं, आणि मग ताप कशाचा होता ते कायमचं हुकतं. आमचं कल्चर कोरं आलं नाही. ई. कोलाय निघाला, एरवी आतड्यात राहणारा.

पुढचं तुला ठाऊक आहे, कारण ते तुझ्याच दारात घडलं. संसर्ग गेल्यावर एमसीयू नावाची तपासणी केली. नळीतून मूत्राशयात औषध भरायचं आणि बाळ लघवी करत असताना एक्स-रे काढायचे. शिशाचा जड एप्रन घालून मी तिचे हात धरून उभी होते, आणि खोलीतली सगळी मोठी माणसं एका बाळाच्या लघवीची वाट पाहत होती. ती झाली, आणि पडद्यावर पांढरी रेघ खाली जायच्या ऐवजी वर चढली, थेट तुझ्यापर्यंत. डाव्या बाजूचा ओहोटा, म्हणजे रिफ्लक्स, चौथी श्रेणी. एकूण श्रेणी पाच.

मूत्रनलिका मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते. मूत्राशय भरलं की तो भिंतीतला तुकडा दाबला जातो आणि मागची वाट बंद होते. तुझ्या नलिकेचा हा तुकडा आखूड राहिला. मनूच्या आजोबांना हे डॉक्टरांच्या कागदावरच्या चित्रापेक्षा आपल्या उसाच्या रानावरून लवकर कळलं. वाफा भरला आणि दारं नीट बुजवलं नसलं तर पाणी पाटात मागं येतंच की, म्हणाले. यात तुझा काही दोष नाही. तरी त्या उलट्या पाण्याबरोबर जंतू वर आले ते तुझ्याकडेच.

खरं तर तुझं नाव आमच्या घरात मनूच्या नावाआधी आलं होतं. सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या अहवालात एक ओळ होती: डाव्या मूत्रपिंडात किंचित फुगवटा, ८ मिलिमीटर. असे फुगवटे पुष्कळ बाळांत दिसतात आणि बहुतेकांचे आपोआप जातात, हे खरं आहे. पण ते गेले की नाहीत हे जन्मानंतर पाहायचं असतं. पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवीच कमी होते, त्या वेळची सोनोग्राफी फसवते. म्हणून पहिल्या आठवड्याच्या अखेरीकडे एकदा आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. आमच्या बाबतीत ती ओळ बाळंतिणीच्या फाईलमधून बाळाच्या फाईलमध्ये उतरलीच नाही. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर आमची बदली झाली आणि तू मागच्या कागदात राहिलंस. याचा मला राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. जिच्या अहवालात अशी ओळ असेल त्या प्रत्येक आईला मी सांगते, तो कागद घरी जायच्या आधी बाळाच्या डॉक्टरांच्या हातात दे.

रागावले आहे, तरी तुझे उपकार मोजायला मी विसरलेली नाही. माझ्या पोटात असताना तू आधी मनूच्या ओटीपोटात खाली तयार झालंस आणि मग चढत चढत कमरेच्या वर आपल्या जागी आलंस. तिसऱ्या महिन्यापासून तुम्ही दोघं, तू आणि उजवं, मूत्र करू लागलात. मध्यानंतर तिच्याभोवतीचं गर्भजल बहुतांश त्याचंच होतं, आणि ते पुरेसं असलं तरच बाळाची फुप्फुसं नीट वाढतात. ती जन्मली तेव्हा जी काय किंकाळी फोडली तीत तुझाही वाटा होता. आजही तू रक्तातलं मीठ आणि आम्ल सांभाळतंस, हाडांसाठी ड जीवनसत्त्व कामाचं करून देतंस, तांबड्या पेशी बनवायचा निरोप मज्जेला धाडतंस. आणि हे सगळं तू आजारी असताना.

डीएमएसए स्कॅनसाठी पुण्याला जावं लागलं. संसर्गानंतर काही महिने थांबून तो करतात, म्हणजे सूज उतरून खरे व्रण तेवढे दिसतात. त्यासाठी टोचतात त्या किरणोत्सारी औषधाची ताकद सहा तासांत निम्मी होते, त्यामुळे वेळ चुकवून चालत नाही; सांगलीहून अंधारातच निघालो. हाताच्या शिरेत इंजेक्शन, मग दोन-तीन तास थांबणं, मग कॅमेऱ्याखाली अजिबात न हलता पडून राहणं. भूल द्यावी लागली नाही. आजीनं तिला पाजून घ्यायला लावलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि थोपटलं. तंत्रज्ञानं आजीला, बाहेर जायची गरज नाही, इथंच थांबा, असं सांगितलं.

कामाची वाटणी: उजवं ६६ टक्के, तू ३४. वरच्या टोकाला एक व्रण.

त्या रात्री मी वाचत बसले आणि एका माहितीपाशी अडकले. एका मूत्रपिंडात सरासरी १० लाखांच्या आसपास गाळण्या असतात, नेफ्रॉन. त्या सगळ्या गर्भातच तयार होतात, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर आयुष्यात नवी एकही होत नाही. असलेल्या मोठ्या होतात, जास्त काम ओढतात, पण मेलेलीच्या जागी दुसरी येत नाही. तुझ्या वरच्या टोकाला जे गेलं ते गेलं. तुला बरं हो म्हणायचं ते या अर्थानं म्हणता येत नाही, हे पचायला मला वेळ लागला. आता मी तुला बरं हो म्हणत नाही. आहेस तेवढं राहा, म्हणते.

त्यासाठी रोज रात्री सिरिंजनं मोजून कोट्रायमोक्साझोलचा थोडासा डोस देतो. रात्री, कारण झोपेत मूत्र फार वेळ साठून राहतं. याबद्दल मी किडनीच्या डॉक्टरांशी भांडले आहे. अमेरिकेतल्या ६०७ मुलांचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षं निम्म्यांना हेच औषध दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं. औषधवाल्यांत पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, पण व्रणांत फरक दिसला नाही. आणि संसर्ग झालाच तर जंतू औषधाला न जुमानणारा असण्याचं प्रमाण वाढलं. मग का द्यायचं, मी विचारलं. डॉक्टर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, त्या अभ्यासात बहुतेक मुलं सौम्य श्रेणींची होती. हिचं वय लहान, श्रेणी वरची, व्रण आधीच आहे. हिच्या बाबतीत टळलेला प्रत्येक संसर्ग मला मोलाचा वाटतो, वर्षभरानं पुन्हा विचार करू. हे उत्तर मला पटलं. वय वाढतं तसा भिंतीतला तुकडा लांब होतो आणि काहींचा ओहोटा आपोआप थांबतो. चौथ्या श्रेणीत कमी जणांचा, पण थांबतो. नाही थांबला आणि औषध चालू असतानाही ताप येत राहिले, तर दुर्बिणीतून इंजेक्शन किंवा नलिका नव्यानं रोवायची शस्त्रक्रिया आहे. तेव्हाचं तेव्हा.

आजीनं सहाण उचलून माळ्यावर ठेवली, हेही तुला कळवायला हवं. गुटी उगाळणं हा तिचा मान होता. या घरातली सगळी मुलं तिच्या गुटीवर वाढली. अंगावरचं दूध, वरणभात, फळं चालतील, पण वर्षापर्यंत मीठ नको, कसलं भस्म नको, घटक माहीत नसलेला काढा नको आणि तापाला पॅरासिटामॉलखेरीज दुसरं काही मनानं नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. आजीनं एकही प्रश्न विचारला नाही. उष्टावण पुढं झालं तेव्हा त्याच चांदीच्या वाटीत तिनं अळणी मऊ भात कालवला आणि आधी स्वतः चाखून पाहिला.

आता मनात सर्वांत खोल रुतलेलं. नात्यातल्या एका बाईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, किडनीचं कुणाला बोलू नकोस, मुलीची जात आहे, पुढं लग्नाला अडचण. त्यांचं प्रेम आहे मनूवर. तरी मी तिथेच मोठ्यानं नाही म्हणाले. व्रण असलेल्या मूत्रपिंडानं पुढं वयात आल्यावर रक्तदाब वाढू शकतो; म्हणून तिचा रक्तदाब दर वर्षी मोजायचा आहे, आयुष्यभर. तिला दिवस राहतील तेव्हा तिच्या डॉक्टरांना पहिल्या भेटीत तुझ्याबद्दल कळलं पाहिजे. दुखण्यावरच्या गोळ्या तिनं विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. तिला भाऊ-बहीण झालं तर त्यालाही हा ओहोटा असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा बरीच जास्त. यातली कुठली गोष्ट लपवून सांभाळता येईल? ज्या घराला हे ऐकून मनू नको असेल, ते घर तिला गरोदरपणात कसं जपणार होतं? तू गप्प, मनूला शब्द नाहीत, अहवालातली ओळ कागदात पडून राहिलेली. त्यात आता आईनंही गप्प बसायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. पाळणाघरातल्या ताईंना सांगितलं आहे. सोसायटीतल्या तान्ह्या बाळांच्या आयांना सांगते, कारण नसलेला मोठा ताप असेल तर दाताला बोल लावण्याआधी, औषधाच्या आधी, लघवी तपासा. वाचायला आली की मनूलाही सांगणार. हे पत्र तिच्यासाठीच ठेवून देणार आहे.

विनंती एवढीच. पुढचा ताप कधी तरी येईल. आम्ही वेळ घालवणार नाही. नळी घालताना ती रडेल, तेही सोसू. तू त्या दोन-तीन तासांत तग धर. औषध येतंच आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझी आणि मनूची,
आई

ता. क. उजव्यालाही आशीर्वाद सांग. तुझ्या वाटणीचं काम अंगावर घेऊन ते वयाच्या मानानं मोठं झालंय, असं सोनोग्राफीत दिसलं. त्याचं कौतुक आहेच. पण ते आहे म्हणून तू अंग काढून घेऊ नकोस. ३४ टक्के म्हणजे एक तृतीयांश मनू आहे.