नॅशनल पार्कात किती एमएम लागते, बॉस?

रविवारी सकाळी साडेसातला बोरीवली ईस्टला नॅशनल पार्कच्या गेटवर उभं राहून बघा. वॉकवाले आजी-आजोबा घामाघूम होऊन बाहेर पडत असतात, कान्हेरीला निघालेली कॉलेजची पोरं आत शिरत असतात. आणि यांच्यात एक जमात हमखास दिसते. पाठीवर काळी सॅक, डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा आणि कॅमेऱ्यापुढे दुधी भोपळ्याएवढी लेन्स. सोमवार ते शुक्रवार हीच मंडळी मालाडच्या नाहीतर बीकेसीच्या काचेच्या इमारतीत एक्सेल शीटशी झगडत असतात.

मीही त्यातलीच एक. फक्त माझा भोपळा जरा लहान आहे.

पहिला बोनस हातात आला तेव्हा डोक्यात एकच किडा होता: ६०० एमएम! ऑफिसातल्या एकाने हप्त्यांवर सिग्माची १५०-६०० घेतली होती आणि लंच टाइमला तो बुलबुलाच्या पिसांचे फोटो दाखवून आम्हाला जाळायचा. घरी विषय काढला तर आई म्हणाली, "एवढ्यात डबल डोअरचा फ्रिज येतो." बाबा काही बोलले नाहीत. ते रिटायर झाल्यापासून रोज पार्कात फिरायला जातात. पक्ष्यांची नावं त्यांना तोंडपाठ, पण काचबिंदूमुळे झाडावरचा पक्षी आता नीट दिसत नाही. आवाज ऐकून ते बोट दाखवतात आणि मला विचारतात, "आहे का गं तिथे?"

म्हणजे लेन्स मला फक्त ऑर्कुट-फेसबुकछाप हौसेसाठी नको होती. (हो, ऑर्कुट गेलं २०१४ सालीच. सवय जात नाही.)

तर आधी थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. आपल्यासारख्यांचे कॅमेरे बहुतेक क्रॉप सेन्सरवाले. निकॉन, सोनीत दीडपट, कॅननमध्ये १.६ पट. त्यामुळे कॅननवर २५० एमएमची लेन्स ४०० एमएमसारखं जवळ आणते. एवढ्यात वीस मीटरवर उभं चितळ जवळजवळ अख्खी फ्रेम भरून टाकतं. पार्कातल्या रस्त्याकडेची चितळं बऱ्याचदा त्याहूनही जवळ असतात! आणि वाघ-सिंहांच्या सफारीत जाळीच्या बसमधून सिंह सात-आठ मीटरवर आला तर ६०० एमएमवाल्याला मिळतात फक्त डोळे आणि नाक. बाकीचा सिंह फ्रेमच्या बाहेर.

जाळीची ट्रिक माहीत नसेल तर घ्या. लेन्स जाळीला जितकी टेकवता येईल तितकी टेकवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, झूम ताणा. जाळी फोटोतून अक्षरशः विरघळून जाते. बस हलत असेल तर मात्र टेकवू नका, पुढची काच फुटेल.

पक्ष्यांचं गणित वेगळं. पंधरा मीटरवरचा भृंगराज २५० एमएमला फ्रेमच्या पाव भागाएवढा दिसतो, शेपटीचे झुपके सोडून. इथे लांब लेन्सवाले जिंकतात, मान्य. पण खरा व्हिलन अंतर नाही, उजेड आहे. पावसाळ्यानंतर पार्कातलं रान इतकं गच्च होतं की सकाळी आठलाही झाडाखाली अंधारच. स्वस्त टेलिफोटो लांब टोकाला एफ/५.६ किंवा ६.३ च्या पुढे उघडत नाहीत. हात हलू नये म्हणून शटर ठेवायचं चारशेच्या आसपास, मग आयएसओ जातो ३२०० वर आणि फोटोत रवा पडतो. स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, पक्ष्याची मान नाही. हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

पर्याय म्हणाल तर सुरुवातीला कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० एएफ-पी. दोन्ही वजनाला हलक्या, लोकलमध्ये सॅक पुढे घेऊन उभं राहता येतं. (विरार फास्टमध्ये दोन किलोची लेन्स घेऊन चढून दाखवाच.) त्याच्या वरच्या पायरीवर टॅमरॉनची १५०-६००, जिने २०१३ च्या शेवटी येऊन हा शौक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला, मग सिग्माची कंटेम्पररी, आणि २०१५ ची निकॉन २००-५००, तब्बल २.३ किलोची. मिररलेसवाल्यांसाठी कॅननची आरएफ १००-४०० आहे, साडेसहाशे ग्रॅमच्या आत. पण ती लांब टोकाला एफ/८. उन्हात मस्त, झाडीत रडवते.

सेकंडहँड घेणार असाल तर एक कटू अनुभव. माझी पहिली लेन्स मी एका विक्रेत्याकडून वापरलेली घेतली, नऊ हजारांत. बाहेरून चकाचक. घरी येऊन बाबांच्या टॉर्चने मागून उजेड टाकला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! मुंबईचा पावसाळा लेन्सला असाच खातो. परत करायला गेले तर "मॅडम, नेताना ठीक होती." नऊ हजार पाण्यात. तेव्हापासून टॉर्च पर्समध्येच. फोर्टच्या बोरा बाजारात फिरा, पण टॉर्च मारून बघितल्याशिवाय पैसे काढू नका. आणि घरी हवाबंद डबा, आत सिलिका जेल. आमच्याकडे तांदळाच्या डब्याशेजारी तोच असतो.

ताडोब्याला वर्षातून एकदा जाणार असाल तर मोठी लेन्स विकत कशाला? अंधेरीत सिनेमा-सीरियलवाल्यांच्या जिवावर कॅमेरे भाड्याने देणारी दुकानं आहेत. तीन दिवसांपुरती घ्या. जिप्सीत ट्रायपॉड चालत नाही, कापडी पिशवी न्या, तिथे पोचल्यावर तांदूळ भरा, तीच बीनबॅग. येताना भात करून खा.

एक गोष्ट मला फार आवडते. आपल्या भागातला सगळ्यात गाजलेला बिबट्याचा फोटो लांब लेन्सने काढलेलाच नाही. नयन खानोलकर यांनी आरे कॉलनीतल्या वारली पाड्यात गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखे फ्लॅश लावले, बिबट्या फ्रेम व्यापून टाकणार नाही असा कॅमेरा ठेवला आणि चार महिने वाट पाहिली. २०१६ साली त्या फोटोला वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरमध्ये अर्बन विभागाचं बक्षीस मिळालं. त्यात बिबट्याइतकंच पाड्यातलं घर महत्त्वाचं आहे. ६०० एमएमने घर कापलं गेलं असतं.

शेवटी मी दुसरी ५५-२५० घेतली, टॉर्च मारून. गेल्या हिवाळ्यात बाबांबरोबर कान्हेरीच्या रस्त्याला होते. वर शीळ वाजली, बाबांनी बोट दाखवलं. पानांत पिवळं काहीतरी हललं. सहा फ्रेम मारल्या, पाच हलल्या. सहावी स्क्रीनवर मोठी करून त्यांच्या डोळ्यांजवळ धरली.

"हळद्या!" मी म्हटलं.

बाबांनी चष्मा वर केला, स्क्रीन नाकाशी नेली.

"नुसता हळद्या काय म्हणतेस? डोकं बघ ना. काळ्या डोक्याचा आहे तो."