उसवण

शिवणकाम मला येते असे म्हणण्याचे धाडस मी आजही करणार नाही. उसवण्याचा सराव मात्र दांडगा आहे. इतक्या वर्षांच्या अध्यापनात मी जेवढी विद्यार्थ्यांची टिपणे तपासली असतील, त्यांहून अधिक टिपा दाढीच्या अर्ध्या पात्याने उसवल्या असतील. हे काम मी हौसेने करीत आले. त्यावर कुणाचे पोट अवलंबून नव्हते, आणि बहुधा त्यामुळेच आपल्या चुकांकडे निवांतपणे पाहण्याची सवड मला मिळाली. धंद्याने शिंपी असलेल्या माणसाच्याही हातून चुका होतात. पण त्या त्याला चटकन दिसतात. हौशी माणसाला त्या उशिरा दिसतात आणि दिसतात तेव्हाही पुष्कळदा भलत्याच ठिकाणी दिसतात.

आईचे यंत्र 1991 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून दिल्लीला आले. कोकण रेल्वे तेव्हा व्हायची होती. यंत्र ट्रकने मुंबईपर्यंत आणि तिथून रेल्वेच्या मालडब्यातून आले. ते पोहोचल्याची खात्री झाल्याशिवाय आईने गाव सोडले नाही. बिडाचे नक्षीदार पाय, रुंद पायटा, चामड्याची वादी, आणि वापरून वापरून सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेले काळे अंग. माझ्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. तिथे पूर्वी माझे लिहिण्याचे टेबल होते.

पहिल्याच डिसेंबरात यंत्र अडले. पायटा दाबावा तर चाक हलेना, आणि हाताने चाक फिरवावे तर सुई कण्हल्यासारखी खाली-वर होई. दुरुस्तीवाला आला, त्याने यंत्र पालथे करून पाहिले आणि आतला अर्धा भाग बदलावा लागेल असे सांगून गेला. आईचे म्हणणे एवढेच, की यंत्र थंडीने काकडले आहे. आम्ही हसलो. पण तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. गावी ती यंत्राला खोबरेल घालीत असे. कोकणच्या हवेत ते बाराही महिने पातळ राही, त्यामुळे त्या सवयीत काही वावगे आहे हे कधी ध्यानात येण्याचे कारणच नव्हते. खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजू लागते, आणि दिल्लीच्या हिवाळ्यात आमची खोली त्याच्या निम्म्यावर उतरे. वर्षानुवर्षांचे खोबरेल आणि कापडाची तूस यांचा सांध्यांत लगदा झाला होता. रॉकेलचे थेंब सोडून यंत्र रिकामे चालवले, निघालेला मळ पुसला, पुन्हा रॉकेल, पुन्हा पुसणे, आणि शेवटी यंत्राचे खास तेल. दोन दिवसांत ते पूर्ववत चालू लागले. दोष यंत्राचा नव्हता. आईचाही म्हणता येणार नाही. एका प्रदेशात निभावून गेलेली चूक दुसऱ्या प्रदेशात उघडी पडली, इतकेच.

त्यानंतर माझी स्वतःची उमेदवारी सुरू झाली, आणि नवशिक्याला हमखास छळणारा प्रकार माझ्या वाट्याला आला. कापडाच्या वरच्या अंगाला टीप सरळ, देखणी. कापड उलटावे तर खाली दोऱ्याचे जंजाळ. खाली गुंता म्हणजे खालचा दोरा बिघडला, असे मी धरून चालले. बॉबिन काढली, पुन्हा भरली, तिच्या डबीचा बारीक स्क्रू पिळला, सैल केला, पुन्हा पिळला. गुंता जसाच्या तसा. आई पलंगावरून हे सर्व पाहत होती. आठवडाभराने तिने विचारले, "दोरा ओवताना दट्ट्या वर होता का खाली?" मला प्रश्नच कळला नाही.

तो कळायचा तर टीप कशी पडते हे समजून घ्यावे लागते. यंत्राच्या सुईचे नाक टोकापाशी असते. सुई दोरा घेऊन कापडातून खाली जाते, आणि किंचित वर येऊ लागते त्या क्षणी त्या दोऱ्याचे एक लहानसे वेटोळे होते. फिरत्या शटलचे टोक ते वेटोळे पकडते आणि बॉबिनच्या भोवतून नेते. अशा रीतीने वरचा दोरा खालच्याला कवेत घेतो. मग वरचा दोरा मागे खेचला जातो आणि दोहोंची गाठ कापडाच्या जाडीत, नेमकी मध्यावर बसते. हे खेचणे जमते ते वरच्या दोन चकत्यांमुळे. त्यांच्या चिमटीतून दोरा जातो म्हणून त्याला ताण राहतो. दट्ट्या वर उचलला की चकत्या उघडतात, खाली सोडला की मिटतात. मी दट्ट्या खाली ठेवून दोरा ओवीत होते, त्यामुळे तो मिटलेल्या चकत्यांच्या कडेवरून जाई, चिमटीत शिरतच नसे. ताण नसलेला वरचा दोरा शटलबरोबर हवा तेवढा खाली ओढला जाई आणि तिथे साठून राही. गुंता खाली होता. चूक वर होती, तीही शिवण्यापूर्वी केलेली. हस्तलिखितांवर काम करणाऱ्या वाचकांना या प्रकारात अपरिचित असे काही वाटणार नाही. ज्या ओळीत अर्थ लागत नाही त्या ओळीत लेखनिक चुकला असेलच असे नाही.

टिपा सुटण्याचेही तसेच. मधूनमधून एखादा टाका पडतच नाही, तेव्हा आपण यंत्राला बोल लावतो; बहुतेक वेळा सुई बोथट झालेली असते, किंचित वाकलेली असते, नाही तर उलटी बसवलेली असते. सुईच्या अंगावर एका बाजूस लांब खाच असते. ज्या बाजूने दोरा ओवायचा त्याच बाजूस ती यायला हवी, म्हणजे वेटोळे पलीकडे, शटलच्या वाटेवर पडते. रुबियासारख्या तलम कापडाला अकरा नंबर, नेहमीच्या सुती कापडाला चौदा, जाड कापडाला सोळा. एवढे सांभाळले तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

शिवणयंत्राचा विषय निघाला की गांधीजींची आठवण निघतेच. यंत्रांविषयी त्यांना विचारले गेले तेव्हा, 1924 साली, त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोला हाताने टाके घालत बसण्याचे कष्ट पडतात हे पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र काढले, अशी कथा त्यांनी मानली होती. इतिहास इतका कोवळा नाही. टोकाशी नाक असलेली सुई आणि शटल यांच्या जोडीचे पेटंट एलायस हौ याने 1846 साली घेतले होते. सिंगरचे पेटंट 1851चे, आणि हौचा हक्क डावलल्याबद्दल त्याला पुढे भरपाई द्यावी लागली. सिंगरचे घरगुती आयुष्यही प्रेमाच्या दाखल्यासाठी निवडावे असे नव्हते. तरीही गांधीजींच्या त्या चुकीत मला गोडी वाटते. शिवणाऱ्या बाईच्या पाठीकडे पाहावेसे त्यांना वाटले, हे काही थोडे नाही. माझ्या हातून नेमके तेच राहून गेले होते.

आई दिल्लीला आली तेव्हा आपली पोलकी आपणच शिवीत असे. ब्लाउज हा शब्द तिच्या तोंडी कधी बसला नाही. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला आणि पायटा मारताना गुडघे दुखू लागले, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. 1998च्या उन्हाळ्यात मी तिच्यासाठी चार पोलकी बेतली. कापड आधी रात्रभर भिजवून वाळवले, कारण सुती कापड धुतल्यावर आटते, हा धडा मी पूर्वीच एका झग्यावर शिकले होते. उभा धागा पाहिला. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल कापायचा असतो, म्हणून बाहीलाही पुढची-मागची बाजू असते. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापून बसण्याचा पराक्रम मी आधी एकदा केलेला होता, तो या वेळी टाळला. आणि सर्वत्र एक इंच माया सोडली.

शिवणीच्या आत दडवून ठेवलेल्या जादा कापडाला मराठीत माया म्हणतात, हे इतर भाषांच्या अभ्यासकांना मुद्दाम सांगितले पाहिजे. तत्त्वज्ञांची माया निराळी, सावकाराची निराळी, ही शिंप्यांची. तयार कपड्यांच्या कारखान्यांत ती जेमतेम पाव-अर्धा इंच ठेवतात. मला आईची शिस्त. कापड महाग असलेल्या काळात वाढत्या मुलींचे कपडे शिवणारी ती बाई. मायेत काटकसर केलेली तिला खपत नसे.

चारही पोलकी बिघडली. पुढचा गळा छातीपासून सुटून पोकळ राही, त्यातून आतले दिसे, आणि आई सारखी पदर ओढून घेई. मागची कड मात्र वर चढून कमरेवर कातडी उघडी पडे. दोष पुढे दिसत होता म्हणून मी पुढे दुरुस्त करीत राहिले. हूक आत सरकवले. पोलके काखेत काचू लागले. गळ्याला बारीक चूण घातली. मागची कड आणखी वर गेली. मुंढा मोठा केला, तर हात उचलताच सगळे पोलके हाताबरोबर वर येऊ लागले, कारण मुंढा जितका खाली उतरवावा तितका हात जखडतो, मोकळा होत नाही. हे पुस्तकात लिहिलेले मी वाचले होते, पण त्यावर विश्वास ठेवला नव्हता. आई काहीच म्हणत नव्हती. बाहेर जायचे झाले की जुनेच, विरलेले पोलके घाली.

शेवटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या वृद्ध मास्टरजींना मी घरी बोलावले. त्यांनी पोलक्याकडे फारसे पाहिले नाही. आईला उभे राहायला सांगितले. मी सवयीने म्हटले, "आई, ताठ उभी राहा." तिने भिंतीला हात लावला, श्वास आत घेतला आणि पाठ शक्य तितकी सरळ केली. मास्टरजींनी टेप गळ्यातच राहू दिला. "माताजी जैसी खड़ी हैं, वैसे ही नापिए," ते मला म्हणाले. आणि आईला, "आप आराम से खड़ी रहिए." आईने भिंतीवरचा हात काढला. खांदे पुढे आले, मान पुढे आली, आणि मानेच्या खाली पाठीचा गोल उंचवटा वर आला. मी तिच्यासोबत एकाच घरात राहत होते. तो मी पाहिलाच नव्हता असे नाही.

चारही वेळा माप घेताना मी तिला ताठ उभे केले होते. टेप निघेपर्यंत ती तशी राही आणि मग पुन्हा वाके. मापे घेताना सरळ उभे राहावे असे पुस्तकात लिहिलेले आहे, ही सबब मी त्या दिवशी मास्टरजींपुढे केलीही. पण पहिल्या पोलक्यानंतर मला संशय यायला हवा होता. तो आला होता, असे आता वाटते. मला पन्नाशीतली, यंत्रावर बसून बोलता बोलता टीप मारणारी आई मापायची होती, आणि मी म्हणेन तोवर ती आज्ञाधारकपणे तशी उभी राहत होती.

पाठ वाकली की मागची लांबी वाढते आणि पुढची कमी होते. मास्टरजींनी खडूने दोन रेघा ओढून दिल्या. खांद्याची टीप उसवायची, मागच्या भागाची माया पाऊण इंच सोडायची, आणि पुढचा भाग तेवढाच आत घ्यायचा. म्हणजे खांद्यावरची शिवण पुढे सरकते. त्यासाठी बाह्याही वरच्या अंगाने उसवाव्या लागतात. मागच्या कडेची दुमड सोडून तिथेही अर्धा इंच मिळवायचा. ठेवलेली माया चारही पोलक्यांना पुरली. मुंढा मात्र मी आधीच कापून मोठा केला होता. कापलेले भरून येत नाही. तिथे काखेत एक लहान तिकोनी तुकडा जोडावा लागला.

पहिले पोलके पुरे व्हायला तीन संध्याकाळी लागल्या. आईने ते घातले, आरशात पाहिले नाही, हात वर केला, खाली केला. मागची कड जागेवर राहिली. मग ते उतरवून तिने उलटे केले आणि आतल्या शिवणीवरून बोट फिरवू लागली. डोळ्यांनी तिला फारसे दिसत नव्हते. डाव्या खांद्यापाशी बोट थांबले.

"इथे टीप सैल आहे," ती म्हणाली. "पाते दे."

मी देते उसवून, असे म्हटलेले तिने ऐकले नाही. माझाच चष्मा आपल्या डोळ्यांवर चढवून, उन्हाकडे पाठ करून, ती खिडकीशी उसवायला बसली.