गळणे, पाझरणे, झिरपणे

मोटारसायकलवर बसून केलेल्या प्रवासांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्याशेजारी उकिडवे बसून घालवलेल्या तासांविषयी फार कमी. रॉबर्ट पिरसिग हा यातला ठळक अपवाद. 1974 साली प्रसिद्ध झालेले त्याचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' आपल्याकडेही वाचले जाते, बहुधा नावातल्या 'झेन'साठी. त्यातला हँडलचा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मित्राच्या महागड्या जर्मन गाडीचे हँडल सैल झाले आहे. निवेदक बिअरच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी घालू म्हणतो, आणि मित्राला तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. पत्रा तोच, पण एकाला त्याचा गुण दिसतो आणि दुसऱ्याला त्याचे कूळ. मात्र पिरसिगची होंडा हवेवर थंड होणारी होती. तिला रेडिएटर नव्हता, पाण्याचा पंप नव्हता, त्यामुळे पंपाचे सील गळण्याचा प्रश्न त्याच्या पुस्तकात येण्याचे कारणच नव्हते. तो गेल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात आला.

गाडी माझ्या मुलीची. ती कोल्हापूरहून कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जाते आणि दुसरी पाळी असली की परतायला मध्यरात्र होते. गाडी उभी राहते तिथल्या फरशीवर रुपयाएवढा हिरवट डाग दिसू लागला. रोज एक, कधी दोन. वास गोडसर. (हे कूलंट चवीलाही गोड असते आणि अत्यंत विषारी असते. गल्लीतली कुत्रीमांजरे ते चाटतात आणि मरतात, म्हणून डाग दिसल्याबरोबर आधी पाण्याने धुवायचा, शोध नंतर घ्यायचा.) रबरी नळ्यांचे सांधे पुसून त्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली, ती कोरडीच राहिली. ओघळ सुरू होत होता तो पंपाच्या खालच्या अंगाला असलेल्या एका बारीक भोकापासून.

हे भोक म्हणजे या लेखाचा खरा विषय आहे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर.

पंपाच्या आडव्या शाफ्टच्या एका टोकाला इम्पेलर असतो; तो कूलंटमध्ये फिरतो. दुसरे टोक इंजिनात, म्हणजे तेलात असते. एकाच दांड्याची दोन टोके दोन वेगळ्या द्रवांत, आणि ते द्रव एकमेकांत मिसळता कामा नयेत. म्हणून मध्ये दोन सीले असतात. कूलंटच्या बाजूला मेकॅनिकल सील : एक कार्बनची कडी आणि एक सिरॅमिकची, एक स्थिर आणि एक फिरती, स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींना टेकलेल्या. तेलाच्या बाजूला रबरी ओठाचे ऑइल सील. आणि या दोहोंमध्ये एक लहानशी रिकामी जागा. ते भोक या रिकाम्या जागेतून बाहेर उघडते. हिरवे आले तर कार्बन-सिरॅमिकची जोडी झिजली, काळे आले तर रबरी ओठ गेला. भोक नसते, तर झिरपलेले कूलंट दुसरे सील ओलांडून गुपचूप तेलात गेले असते, तेलाचा दुधाळ चहा झाला असता आणि आपल्याला ते कळेपर्यंत इंजिनातली बेअरिंगे संपली असती. म्हणजे यंत्र रचणाऱ्याने आधीच गृहीत धरले आहे की सील एक दिवस जाणार; ते जाईल तेव्हा कळावे कसे, याची सोय त्याने ओतकामातच करून ठेवली आहे.

इंग्रजीत या भोकाला दोन नावे आहेत. एक 'वीप होल', म्हणजे रडणारे भोक. दुसरे 'टेलटेल होल', म्हणजे चुगली करणारे. एका भोकाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी झाल्या. आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्याची दृष्टी तिसरी होती. त्याने वाकून पाहिले आणि म्हणाला, "एमसील भरून टाकू सर, पाच मिनिटांचं काम." मुलगीही म्हणाली, "बाबा, लावून टाका ना, सोमवारी मला जायचंय." मी नाही म्हणालो. समीक्षा शिकवणाऱ्या माणसाला या सल्ल्याचा जरा जास्तच राग येतो, हे कबूल. कादंबरी जिथे गळते तिथेच तिच्या आतले काहीतरी बोलत असते, आणि आपण विद्यार्थ्यांना 'बांधेसूदपणा' नावाची लांबी हातात देऊन ती भोके बुजवायला शिकवतो. असो.

मराठीत त्या भोकाला नाव नाही. पण त्यातून जे घडते, त्यासाठी क्रियापदे मात्र इतकी आहेत की इंग्रजीने हेवा करावा. पावसाळ्यात कौले गळतात, माठ गळतो. गळण्यात वस्तूचा दोष असतो. ठिबकण्यात मोजता येणारे थेंब असतात. झिरपण्यात थेंब दिसतच नाही, फक्त पलीकडची बाजू ओली होते. आणि पाझरणे हे आतून येते, खडकातून किंवा काळजातून, आणि त्याला दोष म्हणत नाहीत. 1972च्या दुष्काळात आपल्याकडे कितीतरी पाझर तलाव खोदले गेले. पाणी खाली मुरावे आणि आसपासच्या विहिरींना लागावे, एवढ्यासाठीच बांधलेले तलाव! गाळाने तळ बसला आणि पाणी साचून राहू लागले, तर तो तलाव बिघडला असे समजायचे. ही कल्पना ज्या भाषेत रुळली आहे, तिला पंपाचे भोक समजायला अवघड जाऊ नये.

आणि तरीही यंत्रांविषयी आपण मराठीत लिहीत नाही. मर्ढेकरांच्या 'काही कविता'ने (1947) यंत्रयुग कवितेत आणले असे आपण वर्गात सांगतो, ते खरेही आहे. पण ते यंत्र बाहेरून पाहिलेले आहे, त्याचा बोल्ट कुणी सोडलेला नाही. याच्या उलट, 1910 साली नांगर-पंपांच्या कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीतून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्यातूनच पुढे मराठीतले एक प्रमुख मासिक उभे राहिले. ओतशाळा आणि संपादकाची खोली एका आवारात असण्याची अशी संधी आपल्या वाङ्मयाला पुन्हा फारशी लाभली नाही. दुरुस्त करणारे लिहीत नाहीत, लिहिणारे दुरुस्त करत नाहीत, आणि मधल्या रिकाम्या जागेला भोकही नाही.

माझे थोरले चुलते, तात्या, दुरुस्त करणाऱ्यांपैकी. पंचगंगेच्या काठावर उसाला पाणी पाजणाऱ्या पंपावर त्यांची उमेद गेली. आधी ऑइल इंजिन, मग विजेची मोटार. त्या पंपांत मेकॅनिकल सील नव्हते. शाफ्टभोवती ग्लँडमध्ये ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचे वेढे दाबून बसवायचे आणि वरून नट आवळायचे. आता नदीवर पाण्यात बुडालेली मोटार आहे. ती वर काढायची तर बोलावलेली माणसे येतात. तात्यांना कुणी काही विचारत नाही. मी अंगणात गाडी उघडायला बसलो, तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी आले.

"थेंब किती पडतोय?"

"दिवसाला रुपयाएवढा डाग."

"मग बरं हाय की. दोरी लई आवळली तर शाफ्ट जळतो. थेंब पडाय पायजे."

मी त्यांना सांगू लागलो की हे सील तसे नव्हे, इथे एकही थेंब पडता कामा नये. ते ऐकून घेत होते, पण पटल्याचे दिसत नव्हते. आणि बोलता बोलता मलाच जाणवले की तेही तितकेच बरोबर आहेत. कार्बन आणि सिरॅमिक यांचे तोंड इतके सपाट घासलेले असते की त्यांचा उंचसखलपणा प्रकाशलहरींच्या पट्ट्यांनी मोजतात; हीलियमच्या प्रकाशात एक पट्टी म्हणजे सुमारे 0.3 मायक्रॉन. तरी ती दोन तोंडे कोरडी एकमेकांवर फिरत नाहीत. त्यांच्यामध्ये कूलंटचा एक अतिसूक्ष्म थर शिरतो, तोच त्यांना थंड ठेवतो, आणि बाहेरच्या कडेला पोहोचेपर्यंत त्याची वाफ होते. कूलंट संपलेल्या इंजिनात हे सील पाहता पाहता जळते. तात्यांचा थेंब इथेही पडतोच. तो दिसण्याआधी उडून जातो, एवढेच. हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग मी काय म्हणतोय?"

कामाचा तपशील थोडक्यात. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर घेणे. कूलंट आणि तेल दोन्ही काढून झाकून ठेवले. कव्हर, इम्पेलर, शाफ्ट बाहेर आले. जुन्या सिरॅमिकवर नखाला लागेल असा वर्तुळाकार ओरखडा होता. क्षारांचा कण, बहुधा; कधीतरी कुणीतरी बोअरचे पाणी ओतले असावे. नवे सील बसवण्यापूर्वी एक गोष्ट पाहणे अटळ असते : रबरी ओठ जिथे टेकतो तिथे शाफ्टला खाच पडली आहे का? पडली असेल तर नवे सीलही टिकत नाही. माझ्या नखाला काहीतरी लागल्यासारखे वाटत होते. शाफ्ट घेऊन उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो, त्याने हात पुसून नख फिरवले आणि परत देत म्हणाला, "डाग हाय, खाच न्हाई." घरी तात्यांनी डोळे मिटून तेच केले आणि तेच सांगितले.

बसवण्यात खरी कसोटी आहे ती हाताच्या संयमाची. ऑइल सीलचा ओठ तेलाकडे. मेकॅनिकल सील बाहेरच्या कडेवर, आणि फक्त बाहेरच्या कडेवर, सारखा दाब देत सरळ खाली. त्यासाठी नेमक्या मापाचा सॉकेट उलटा धरला. कार्बन-सिरॅमिकच्या तोंडांना बोट लावायचे नाही, कातडीचे तेलही त्यांना चालत नाही. रबराला ग्रीस न लावता कूलंटचाच ओला हात. तात्यांचे हात हल्ली थरथरतात, पण सॉकेटवर त्यांनी तळवा ठेवला तेव्हा तो स्थिर होता. सील बसले तो आवाज मला ऐकू आला नाही, त्यांना आला. कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करत आवळले. नवे तेल भरले, मग ऊर्ध्वपातित पाणी घालून बनवलेले कूलंट. रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालू केले आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा जाऊ दिली. पातळी पुन्हा भरली, झाकण लावले. मग पंखा सुरू होईपर्यंत इंजिन तापवले, बंद केले, वाट पाहिली.

भोक कोरडे होते. तात्यांनी त्यावर बोट फिरवले, बोट पाहिले, पुन्हा फिरवले. "एक बी न्हाई?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होते की काळजी, मला ठरवता आले नाही.

सोमवारी दुपारी मुलगी गाडी घेऊन पाळीला गेली. संध्याकाळी पाहिले तर गाडी उभी राहते त्या जागी तात्यांनी एक कोरा पुठ्ठा आणून अंथरला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले होते.